नाव ठेवणं

(दुपार. सदरमधल्या एका बेकरीच्या मागच्या अंगणात बाकावर प्रेमिला आणि तिची सून मयुरा. नाताळच्या केकचे त्यांचे डबे आत भट्टीत आहेत.)

मयुरा : नाही, पण सांगा ना आई. मी कोणाला सांगणार नाही. रोशनलासुद्धा नाही.

प्रेमिला : काय सांगू वं?

मयुरा : काय नाव ठेवलं ते.

प्रेमिला : कोणाले?

मयुरा : पोरीला. सकाळी रोशनचा मेसेज आला, मी लॅबमध्ये होते. आई कालपासून पोरीला नाव ठेवून राहिली, असा. मला इतकं बरं वाटलं की कोराडी रोडच्या बोअरवेलचं पाणी मी दोनदा तपासलं आणि दोन्ही वेळा लिहायला विसरले.

प्रेमिला : असं लिहिलं त्यानं?

मयुरा : हे बघा. अक्षरं इंग्रजी आहेत, भाषा मराठीच आहे.

प्रेमिला : चष्मा घरी राहिला. अन् वाचायचं काम नाही. मयुरा, तो नाव ठेवून राहिली नाही म्हणत. नावं ठेवून राहिली म्हणते.

मयुरा : म्हणजे?

प्रेमिला : म्हणजे खोट काढून राहिली. तुमच्या नगरकडं काय म्हणतात त्याले?

मयुरा : तेच म्हणतात. फक्त वर टिंब देतात.

प्रेमिला : ते टिंब मोबाइलात कुठून येईन.

मयुरा : मी लॅबमधल्या चारुलतामॅडमना सांगूनसुद्धा टाकलं. म्हटलं, सासूबाई नाव शोधून राहिल्या.

प्रेमिला : पाहा. तूही आता राहिल्या म्हणायले लागली.

मयुरा : विषय बदलू नका.

प्रेमिला : बदलून नाही राहिली. हासली असती तं बरं झालं असतं, म्हणून म्हटलं.

मयुरा : काय काय खोट काढली?

प्रेमिला : जाऊ दे ना. केक होऊ दे. भट्टीवाला चाचा म्हणे अजून अर्धा घंटा लागन, आधी त्या कॉन्व्हेंटवाल्यांचे डबे आहेत.

मयुरा : मग अर्धा तास आहे आपल्याकडे. उद्या संध्याकाळपर्यंत दत्तक संस्थेला हो की नाही कळवायचं आहे, आई. तुमच्या मनात काय आहे ते मला रोशनच्या मेसेजवरून कळायला नको.

प्रेमिला : हेच तं. परवा फोटो पाठवला अन् उद्या उत्तर पाहिजे त्यायले. मी बुधवारच्या बाजारात वांगे घेतले तरी याच्याहून जास्त वेळ लावते.

मयुरा : थांबलोच ना आपण तीन वर्षं.

प्रेमिला : तान्ह्यासाठी थांबलो ना पण. दत्तक घ्यायचं म्हटलं तवा मी एका शब्दानं आडवी आली का? नाही आली. शोभाताई म्हणे, रक्ताचं ते रक्ताचं. मी तिले म्हटलं, देवानं आपल्याले घेतलं ते कोणत्या रक्तानं घेतलं. चर्चच्या पायरीवर म्हटलं, सगळ्यांसमोर. अन् शेजारच्या विक्कीच्या बायकोकडून पाळणा परत मागून आणला, तोंड वाकडं केलं तिनं तरी. आता ही चार वर्षाची येऊन राहिली. पाळण्यात तिचे पाय तरी मावतीन का?

मयुरा : नाही मावणार.

प्रेमिला : दोन्ही कानाले मशीन. बोलते तं म्हणे पाच-सहा शब्द. अन् चार वर्षाच्या लेकराच्या डोक्शात आधीचं काय काय बसलं असन, ते त्या कागदात लिहिलं नसते.

मयुरा : नसतं.

प्रेमिला : तू प्रत्येक गोष्टीले हो काहून म्हणून राहिली?

मयुरा : कारण तुम्ही एकही गोष्ट चुकीची सांगितली नाही.

प्रेमिला : देवानंही पाठवलं तं तान्हंच पाठवलं ना? गोठ्यात, कपड्यात गुंडाळलेलं. चार वर्षाचं उभं करून नाही दिलं मरियेच्या दारात.

मयुरा : हा मुद्दा मला सुचला नव्हता.

प्रेमिला : मले सुचला. मले काही सुचत नाही असं समजते का तुम्ही.

मयुरा : आणि नावाचं काय? टिंब नसलेल्या.

प्रेमिला : ते तं बदलावंच लागन. नंदिनी म्हणे. आपल्या घराण्यात कोणी आहे का नंदिनी? रूथ ठेवू. नाहीतर मार्था. ऐकायले येत नाही तिले, मग काय फरक पडते?

मयुरा : पडतो. तेच सांगायचं होतं मला. काल मी संस्थेतल्या सुरुचीताईंशी बोलले. त्या म्हणाल्या, मशीन लावलं तेव्हा पहिले काही महिने ती ते ओढून काढायची. कुकरची शिट्टी झाली की टेबलाखाली जाऊन बसायची. आवाज म्हणजे काय, तेच माहीत नव्हतं. मग एकदा कोणीतरी मागून हाक मारली आणि ती वळली. आता नावानं हाक मारली की वळते.

प्रेमिला : कोणत्याही आवाजाले वळत असन.

मयुरा : मीही तेच म्हटलं. म्हणून मी सुरुचीताईंना म्हटलं, आत्ता मी फोनवर आहे, तिच्या मागे उभं राहून दुसरंच नाव घ्या. तेवढ्याच मोठ्या आवाजात. त्या हसल्या, पण सुनंदा म्हणून हाक मारली.

प्रेमिला : अन्?

मयुरा : नाही वळली. मग म्हटलं, आता मयुरा म्हणा. नाही वळली. मग नंदिनी म्हटलं.

प्रेमिला : तू त्या लेकराची परीक्षा घेतली.

मयुरा : तिला आवाज ऐकू येतो की नाव ऐकू येतं, हे मला माहीत करून घ्यायचं होतं.

प्रेमिला : मग काय निघालं?

मयुरा : नाव.

प्रेमिला : हं.

मयुरा : एवढंच म्हणायचं होतं. मार्था म्हटलं तर तिला पुन्हा टेबलाखालून सुरुवात करावी लागेल.

प्रेमिला : तो पाहा आला. गाडी कुठी लावली गा?

रोशन : समोर. पोलीसवाला पाहून राहिला, पण ठीक आहे. कळमन्याहून संत्री आणली, अर्धी डिक्की भरली. झाले का आपले डबे?

प्रेमिला : नाही. बस.

रोशन : आई, समोर शोभाताई भेटली. ती म्हणे, येत्या रविवारी नाताळाआधीची चौथी मेणबत्ती मीच लावून राहिली, प्रेमिलानं सांगतलं. मी म्हटलं, काहीतरी घोळ असन. पहिल्या रविवारी आशेची मेणबत्ती त्यांच्याच घरानं लावली ना? दुसऱ्या रविवारी शांतीची झाली, काल आनंदाची. प्रीतीची आपल्या घराले आली. तू तं चिठ्ठी निघाली तवापासून सगळ्या मोहननगरात सांगत फिरून राहिली होती.

प्रेमिला : फिरून काय राहिली. दोन घरी सांगतलं.

रोशन : मग?

प्रेमिला : मीच म्हटलं तिले, तू लाव म्हणून.

मयुरा : कधी?

प्रेमिला : काल, आराधना झाल्यावर. पाळकीणबाईलेही सांगून दिलं. त्या म्हणे, प्रेमिलाबाई, गुडघे दुखतात का? मी म्हटलं हाव. चर्चच्या आवारात उभी राहून खोटं बोलली. आता झालं ना तुमचं समाधान?

रोशन : अरे यार आई. काहून पण?

प्रेमिला : नुसती मेणबत्ती लावायची राहिली असती तं लावली असती. लावून मंग बायबलातला पाठ वाचावा लागते. माइकसमोर. देवाची प्रीती कशी आहे ते. मी काय तोंडानं वाचू? घरी टेबलावर त्या लेकराचा फोटो आहे अन् मले तो पाहून काहीच नाही वाटलं. काहीच नाही. रोजच्या पेपरात लेकरांचे फोटो येतात ना, तसा पाहिला अन् ठेवून दिला.

रोशन : असं काय. होईन हळूहळू.

प्रेमिला : कोणाले होईन? तू नवाले जातो शोरूममध्ये, ही जाते लॅबमध्ये. अंधार पडल्यावर येता दोघं. दिवसभर ती कोणाजवळ राहीन? माझ्याजवळ. घरात ती अन् मी. तान्हं असते तं त्याले काही समजायच्या आत माया लागून जाते, त्यालेही अन् आपल्यालेही. ही चार वर्षाची आहे. ही माझ्या तोंडाकडे पाहीन. मले माया नाही आली तं तिले समजन. ऐकू नाही येत ना, ती तं तोंडच पाहीन.

रोशन : मग नाही म्हणून देऊ. टेन्शन नको घेऊ. दुसरी फाइल येईन.

मयुरा : रोशन, थांब.

रोशन : तिले जबरदस्ती कशी करणार?

मयुरा : करत नाही कोणी. आई, मी एक सांगू? मलाही काही वाटलं नाही.

रोशन : काय?

मयुरा : फोटो पाहून. तीन वर्षं मला वाटत होतं की फोटो येईल तेव्हा काहीतरी होईल. छातीत किंवा घशात, कुठेतरी. परवा फोटो उघडला आणि पहिल्यांदा काय केलं माहीत आहे? मशीनच्या कंपनीचं नाव दिसतं का, ते मोठं करून पाहिलं.

प्रेमिला : तू तं म्हणे, छान आहे.

मयुरा : काहीतरी म्हणायला हवं होतं. तुम्ही दोघं माझ्याकडे बघत होतात.

रोशन : मी तं रडलो होतो यार. बाथरूममध्ये जाऊन.

प्रेमिला : तुले काय, तू तं टीव्हीतलं कुत्रं हरवलं तरी रडते.

मयुरा : मग परवापासून मी विचार करते आहे की काहीच वाटलं नसताना आपण हो म्हणणं, हे खोटं आहे का? तुम्ही मेणबत्तीबद्दल म्हणालात, तेच.

प्रेमिला : अन्?

मयुरा : माहीत नाही. काल तुमचा पाठ मोठ्या अक्षरात उतरवत होते, चष्मा लागू नये म्हणून. योसेफाचा आहे, मरियेच्या नवऱ्याचा. दोनदा वाचला. त्यात योसेफाला काय वाटलं, ते नाहीच.

प्रेमिला : स्वप्न पडलं त्याले.

मयुरा : स्वप्न पडलं, देवदूत बोलला. पण योसेफ काय बोलला? एक शब्द नाही. पुढेमागे सगळीकडे पाहिलं, त्याच्या तोंडी एक वाक्य नाही. आनंद झाला, भीती वाटली, बाळाबद्दल प्रेम दाटून आलं, काही नाही. उठला, बायकोला घरी आणलं, बाळ झाल्यावर त्याचं नाव ठेवलं. काय केलं तेवढंच लिहिलं आहे.

प्रेमिला : मुका असन.

मयुरा : असेल. आणि पोर त्याचं नव्हतं. गावानं नावं ठेवलीच असणार. त्यानंही ठेवली असती तर कोणी अडवलं नसतं. त्याला सांगितलं, तू नाव ठेव. कारण नाव ठेवील तो बाप, असा त्यांच्यात कायदाच होता.

प्रेमिला : तू अजून त्या मेसेजवरून उठली नाही.

रोशन : कोणता मेसेज? मी काय केलं?

प्रेमिला : तू काही नाही केलं गा. टिंब नाही दिलं.

रोशन : टिंब?

मयुरा : नंतर सांगते.

प्रेमिला : मले एक सांग, मयुरा. तू शिकलेली आहे, म्हणून नाही विचारत. तू सरळ बोलते म्हणून विचारते. माया नसली तरी चालते, असं म्हणणं आहे का तुझं?

मयुरा : नाही. तसं म्हणण्याइतकं मला माहीत नाही. देवाचं प्रेम कसं असतं, हे मला मोजता येणार नाही आणि मी मोजायला जाणारही नाही. मी एवढंच पाहिलं, की रविवारचा पाठ प्रीतीचा आहे आणि त्यात प्रीती हा शब्द एकदाही येत नाही. योसेफ नावाचा एक सुतार सकाळी उठतो आणि जे सांगितलं ते करतो. देवाची प्रीती आहे, ती तेवढ्यातूनच आत आली.

प्रेमिला : हे पाळकसाहेबाले सांग. ते उपदेशाले पाऊण घंटा घेतात.

रोशन : पण आई, खरं सांगू का, मले तं वाटते...

प्रेमिला : तू थांब. मशीन रातले काढतात का?

मयुरा : हो. झोपताना काढायचं. आंघोळीलाही.

प्रेमिला : मंग रातले तिले काहीच ऐकू येत नाही.

मयुरा : अगदी मोठा आवाज असेल तर थोडा.

प्रेमिला : लाइट गेली तं? अंधारात, ऐकूही नाही येऊन राहिलं, दिसूही नाही.

मयुरा : सुरुचीताई म्हणाल्या, तिथे ती बाजूच्या पोरीचा फ्रॉक धरून झोपते.

प्रेमिला : इथं कोणाचा धरन?

रोशन : माझा टी-शर्ट आहे ना.

प्रेमिला : तू घोरते. ऐकू नाही आलं तरी पलंग हालते.

मयुरा : पहिले काही दिवस मी सुट्टी घेणार आहे.

प्रेमिला : पहिले काही दिवसाचं कोण विचारून राहिलं. नंदिनी. नंदिनी. पाहा, माझ्या तोंडात ते नाकातूनच निघते. तिथले लोक कसे म्हणतात, साफ म्हणत असतीन?

मयुरा : आपल्यासारखेच म्हणतात. वर्धेकडचेच आहेत.

प्रेमिला : मंग तेच नाव ठेवू. आहे ते. एक तं मोठ्या मुश्किलीनं ओळखायले शिकली, तेही हिसकून कशाले घ्यायचं. शोभाताई म्हणन, हे कोणतं ख्रिस्ती नाव झालं. म्हणू दे.

रोशन : म्हणजे हो?

प्रेमिला : मी नावाबद्दल बोलून राहिली.

रोशन : ठीक आहे. चाचानं आवाज दिला वाटते. पाहून येतो.

मयुरा : आपले नाहीत. कॉन्व्हेंटचे निघाले. आपले आता जातील.

प्रेमिला : मयुरा, खरं बोलशील? मले नाहीच आली माया तं?

मयुरा : तर मी तुम्हाला विचारणार नाही, आली का म्हणून. कधीच नाही. आणि तुम्हीही मला विचारू नका.

प्रेमिला : बरं.

मयुरा : आणि रोशनला तर विचारायची गरजच नाही.

रोशन : मी इथंच बसून आहे.

प्रेमिला : ऐका मंग दोघं. माया येईन तवा येईन. ते माझ्या हातात नाही, त्याच्यासाठी मी पाया पडीन. तोवर वेळेवर जेवण भेटन तिले. मशीन कसं लावायचं ते मले शिकवावं लागन, माझ्या बोटात जोर नाही राहिला. हाक मारीन तं समोर जाऊन मारीन, मागून नाही. एवढं मी करू शकते. याच्याहून जास्त सांगतलं तं खोटं होईन.

मयुरा : एवढंच.

प्रेमिला : अन् शोभाताईले परत सांगायले मी नाही जात. लाव म्हटलं तं लावू दे तिले. काडी पेटवायले काय लागते. वाचीन मात्र मी. पाळकीणबाईले म्हणीन, बसून वाचते.

रोशन : आई, फोन लावू का संस्थेत? आत्ता चालू असन ऑफिस.

मयुरा : उद्यापर्यंत वेळ आहे. विचार करू दे आईंना.

प्रेमिला : वेळ काय करायचा आहे. लाव. हो म्हणून सांग. अन् सांगून झालं की फोन लगेच ठेवून नको देऊ, सुरुचीताईले माझ्याकडून विचार, ती दुपारी झोपते का म्हणून. मले दुपारी थोडं पडायले लागते.